कवळी सैल झाली म्हणून लगेच नवी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा अशा गावांतल्या दवाखान्यांवर अलीकडे ‘डिजिटल कवळी’चे (म्हणजे स्कॅन करून संगणक आणि यंत्राच्या मदतीने केलेल्या कवळीचे) फलक दिसू लागले आहेत आणि कवळी सैल झालेली वडीलधारी माणसे ते वाचून, जुनी पद्धत आता टाकाऊ झाली असे समजून, चांगली कवळी बाजूला ठेवून नव्या कवळीचा खर्च करायला निघतात. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या तयार करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. माझ्या टेबलावर कवळीचा साचा करण्याचे पितळी डबे, म्हणजे फ्लास्क, आहेत आणि आता स्कॅनरही आला आहे, त्यामुळे कोणत्याही एका बाजूची वकिली करण्याचे मला कारण नाही. सैल कवळी डिजिटल पद्धतीने दुरुस्त करावी की नेहमीच्या, हा प्रश्न नंतरचा आहे. ती का हलते आणि माप कसे घेतले जाणार आहे, हे आधी विचारले पाहिजे, एवढेच या पत्राद्वारे सांगायचे आहे.

दात काढल्यानंतर ते ज्या हाडात रुतलेले होते ते हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत, ही झीज सर्वाधिक असते; पुढे वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. दंतसंशोधक टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. कवळी मात्र आहे तशीच राहते. दोन ओल्या काचा एकमेकींना धरून राहतात तशी कवळी लाळेच्या पातळ थरावर टिकते. मध्ये फट पडली की ती पकड जाते आणि मग भरीत-भाकरी खाताना वांग्याची बारीक बी कवळीखाली शिरून असे टोचते की ताट बाजूला सारावे लागते. लग्नसराई तोंडावर आली म्हणून घाईने सगळे दात काढून लगोलग कवळी बसवणाऱ्यांना (आपल्याकडे ही घाई फार) वर्षाच्या आतच हा अनुभव येतो. त्यात कवळी करणाऱ्याचा दोष असतोच असे नाही.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे रिलाइनिंग. कवळीचे दात, चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण), बाहेरचा आकार तसाच ठेवून हिरडीकडच्या बाजूला नवा थर चढवायचा. डॉक्टर खुर्चीवरच थंड ॲक्रिलिक (बाहेरून उष्णता न देता आपोआप घट्ट होणारे कवळीचे प्लास्टिक) लावून अर्ध्या-पाऊण तासात हे काम करू शकतात, पण ते ॲक्रिलिक तोंडातच गरम होते, चरचरते, त्याचा वास राहतो आणि थर काहीसा सच्छिद्र होतो. लॅबमधला मार्ग अधिक टिकाऊ. त्यात कवळीच्याच आत झिंक ऑक्साइडची पेस्ट किंवा सिलिकॉन घालून माप घेतात, प्लास्टरमध्ये साचा करतात आणि मापाच्या जागी ॲक्रिलिक भरून ते पक्के करतात. असे माप हातात आले की मी आधी पेस्टच्या थरातून गुलाबी ॲक्रिलिक कुठे डोकावते ते पाहतो. जिथे ते दिसते तिथे कवळी हिरडीवर दाबून बसलेली असते. ती जागा घासून माप पुन्हा घ्यायला हवे, नाहीतर नव्या थराचाही तिथे व्रण होणार. हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. लागतो तो माप दुसऱ्यांदा घेण्याचा धीर.

या पद्धतीचे दोष झाकण्यात अर्थ नाही. पावडर आणि द्रव कालवून केलेले ॲक्रिलिक पक्के होताना आकारमानाने सुमारे सात टक्के आकसते. उष्णतेने शिजवायचे झाल्यास ७४ अंश सेल्सिअसला आठ-नऊ तास ठेवून सावकाश निववावे लागते. घाई केली तर आत बुडबुडे राहतात आणि जुना तळ पुन्हा तापल्याने वाकण्याची भीती असते. नवा थर किंचित जाड झाला तरी चावा उंचावतो. शिवाय काम पुरे होईपर्यंत माणूस एक-दोन दिवस बिनदातांचा राहतो, आणि घरात कार्य असेल तर तेवढेही दिवस जड जातात.

डिजिटल पद्धतीचा खरा लाभ इथे आहे. मापासह सगळी कवळी सर्व बाजूंनी स्कॅन करून, आतला मापाचा पदार्थ काढून ती त्याच दिवशी रुग्णाला परत देता येते आणि नवी कवळी संगणकावरच्या प्रतिमेवरून तयार होते. ती दोन रीतींनी होते. मिलिंगमध्ये कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली आधीच पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकच्या चकतीतून ती कोरून काढतात. आकसणे आधीच होऊन गेलेले असल्यामुळे ती हिरडीवर नेमकी बसते. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये द्रव रेझिनचे (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे) थर प्रकाशाने घट्ट करत नेतात. हे स्वस्त आणि जलद आहे, पण मिलिंगइतके मजबूत सहसा नसते, आणि अशा तळावर पुढे साधे रिलाइनिंग करायचे झाल्यास नवा थर कितपत धरेल हे त्या रेझिनवर अवलंबून असते. ‘डिजिटल’ या एका शब्दात या दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात आणि दर सांगताना फरक सांगितला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

दुसरे असे की, स्कॅनर थेट तोंडात फिरवून माप घेतले की काम झाले, हा समज बरोबर नाही. दात असलेल्या तोंडात ओळखीच्या खुणा असतात. बिनदाताची हिरडी ओली, चकचकीत आणि कडेला हलती असते. कवळीची कड किती खोल जावी हे ओठ, गाल आणि जीभ हलवूनच ठरते, आणि त्यासाठी ग्रीन स्टिक (तापवल्यावर मऊ होणारी हिरवी कांडी) गरम करून कडांना लावत बसण्याचे जुने काम आजही डॉक्टरांच्या हाताला करावे लागते. सदोष माप स्कॅन केले तर सदोष कवळीच तेवढी अचूक निघते. कवळीची फाइल कायम जपली जाते, ही गोष्टही अर्धीच सांगितली जाते. महिन्यापूर्वीची कवळी प्रवासात हरवली तर फाइल मोठा आधार आहे. पाच वर्षांपूर्वीच्या फाइलवरून केलेली कवळी मात्र पाच वर्षांपूर्वीच्या हिरडीला बसेल, आजच्या नव्हे.

खान्देशापुरते बोलायचे तर फाइल पाठवता येणे ही लहान गोष्ट नाही. धडगाव-अक्कलकुव्याहून चार-चार फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची एक फेरी जरी वाचली तरी ते यंत्र कामी आले असे मी म्हणेन. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे माप घरी जाऊन घ्यावे आणि पुढचे सारे दूरच्या लॅबमध्ये व्हावे, हेही आता शक्य आहे. याउलट, ज्याची कवळी दोन वर्षांची आहे, दात झिजलेले नाहीत, चावा ठीक आहे आणि केवळ पकड सुटली आहे, त्याला साधे रिलाइनिंग पुरते. तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे ओढली जाऊ लागली असेल, दात घासून सपाट झाले असतील, तर कोणत्याही पद्धतीचा थर चढवून भागणार नाही. तिथे नवी कवळीच हवी. खालची हिरडी अगदी सपाट झाली असेल तर नव्या कवळीचाही भरवसा कमी, कारण तिथला आधार वरच्यापेक्षा निम्माच आणि वर जिभेची ढकल. अशांसाठी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात रोवायचे कृत्रिम खुंट) बसवून त्यांवर कवळी अडकवावी, अशी शिफारस कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील तज्ज्ञ परिषदेने २००२ मध्येच केली आहे. खर्च झेपत असेल तर तो तिथे करावा.

कवळी सैल झाली की कोणी आत कापूस भरतो, कोणी बाजारातल्या झटपट गोंदाने फट बुजवतो. अशा कवळ्या आमच्याकडे येतात तेव्हा आधी गोंदाचे थर खरवडण्यातच वेळ जातो आणि मूळ तळ खराब होतो तो वेगळाच. माप घेण्याच्या आदल्या रात्रीपासून कवळी तोंडातून काढून ठेवली तर दबलेली हिरडी मूळ आकाराला येते, हे रुग्णांना सांगितले जात नाही; सांगायला पैसे लागत नाहीत. आणि तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी कवळीखालचा व्रण दोन आठवड्यांत बरा न झाल्यास रिलाइनिंगचा विचार सोडून आधी तो डॉक्टरांना दाखवावा.

१ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत कवळीचा समावेश आहे. हाड झिजणार हे ठरलेले असताना कवळी दिल्यानंतर वर्षभराने होणारे रिलाइनिंगही त्याच लाभात धरावे, आणि त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घ्यावे, अशी मागणी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. खाजगी दवाखान्यांनी दरपत्रकात रिलाइनिंग, मिलिंग आणि प्रिंटिंग यांचे दर वेगवेगळे लिहावेत.

आपला,
एक दंततंत्रज्ञ, अमळनेर (जि. जळगाव)