बाबा, न्हाणीचा दिवा चालू राहू दे

ती. बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, पत्र तुम्हाला आहे, पण आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधली वाक्यं गाळू नका.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. गुडघ्याला चार टाके पडले हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं, तेही आठ दिवसांनी. आई तर "जरा खरचटलंय" म्हणाली होती. पहाटे साडेतीनला, न्हाणीच्या पायरीवर, अंधारात. आणि बटण हाताच्या अंतरावर! पायरी पन्नास वर्षांच्या ओळखीची आहे, कबूल. पण तुम्ही आता चौऱ्याहत्तरचे आहात.

तर मी ठरवलंय. ठरवून झालंय, पैसेही भरलेत, तेव्हा रागवायचं ते एकदाच रागवून घ्या. शनिवारी दापोलीहून टेम्पो येईल. त्यात नवा फ्रीज आहे आणि तीन पंखे. वायरमनशी बोलले आहे, तो त्याच दिवशी बसवून देईल. आगोटीच्या आत सगळं व्हायला हवं, एकदा पाऊस लागला की कोण येतंय!

ही उधळपट्टी नाही हो. तुमच्याच शाळेत शिकले आहे मी. चिपळूणला आत्याकडे जाताना तुम्ही सांगायचात, कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला येतं आणि त्यावर आपला दिवा लागतो. मला वाटायचं, बटण बंद केलं की तेवढं पाणी धरणात राहतं. म्हणून मी घरभर पळत बटणं बंद करत सुटायचे, एकदा आई पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघरातलंसुद्धा. पुढे कळलं की राज्यातली बरीचशी वीज दगडी कोळसा जाळून होते. सवय गेली नाही, उलट घट्टच झाली. पण बाबा, तुमची बचत भलत्याच जागी चालली आहे.

तुम्ही पंखा कायम दोनवर ठेवता. त्या रेग्युलेटरच्या काळ्या डब्यावर एकदा हात ठेवून बघा. गरम लागेल. पंखा हळू करून वाचवलेल्या विजेतली बरीचशी तिथे नुसती तापून जाते. हे जुने पंखे पूर्ण वेगाला 75 वॅट घेतात, नवे 30 च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिटं वाचतात. तेव्हा आईला दुपारी खुशाल चारवर झोपू द्या, पदराने वारा घेत पडायची गरज नाही. नवे रिमोटवर चालतात, रिमोट देवघराच्या कोनाड्यात ठेवा म्हणजे सापडेल.

आता फ्रीज. रात्री दहाला बंद, पहाटे पाचला चालू, हे तुम्ही किती वर्षं करताय? त्यातून वाचतं फार थोडं. रात्रभर आत शिरलेली उष्णता सकाळी त्याला बाहेर काढावीच लागते. त्यात दाराचं रबर सैल, वर नाडी बांधलेली. आणि त्याच फ्रीजमध्ये आईचं इन्शुलिन आहे. त्याला 2 ते 8 अंशांतच ठेवायला सांगतात, आणि तुम्ही ते मे महिन्यात सात सात तास उबेत ठेवता. आईची साखर गेल्या महिन्यात चढली ती यामुळेच, असं मी म्हणत नाही. तुम्ही मुद्दाम कराल का असं? पण आता नको.

नव्या फ्रीजचं बटण कुणीही बंद करायचं नाही. स्टारच्या खाली वर्षाला किती युनिटं लागतील तो आकडा छापलेला असतो, मी रंग न बघता तेवढाच बघून घेतला. आणि जुना मागच्या पडवीत "काजूगरांपुरता" चालू ठेवायचा नाही. आई, मला माहीत आहे तू हेच म्हणणार होतीस.

बंबाला मी हात लावणार नाही. करवंट्या आणि सोडणं आहेत तोवर तुमचा बंब आणि तुमचं कढत पाणी तसंच राहील.

खरं सांगायचं तर तुम्हाला शिकवायला मला तोंड नाही. इथे आम्ही एसी वीसवर लावून पांघरूण घेऊन झोपत होतो. रात्रीला सात-आठ युनिटं. आणि न्हाणीजवळ मी जो 2 वॅटचा दिवा लावायला सांगितलाय, तो रोज रात्री अकरा तास जळला तरी वर्षभरात 8 युनिटं घेईल. हिशेब मांडला तेव्हा कागद उलटा करून ठेवला. आता एसी सव्वीसवर आहे. एकेका अंशाला सुमारे 6 टक्के वाचतात म्हणे. ते सगळं तुमच्या दिव्याच्या नावावर धरा.

लाइट गेले की मी न्हाणीत जायला घाबरायचे, आठवतं? तुम्ही कंदील घेऊन यायचात, दाराबाहेर उभे राहायचात आणि मधूनमधून उगाच खोकायचात, म्हणजे मला कळावं तुम्ही आहात. रॉकेल तेव्हा मोजून मिळायचं, पण त्या कंदिलाची वात तुम्ही कधी बारीक केली नाहीत.

टाके ओले करू नका. विहिरीच्या पंपात रोज तांब्याने पाणी ओतत बसू नका, फूटव्हॉल्व्ह गळतोय, वायरमनला सांगून बदलून घ्या. टेम्पोवाल्याला चहा द्या, पण फ्रीज उतरवायला स्वतः हात लावू नका.

मी सातआठ तारखेला रातराणीने येते. पहाटे चालत येताना वळणावरूनच न्हाणीकडे बघणार आहे.

तुमची,
मनू

ता. क. आई, बाबांनी इन्शुलिनचं वाचलं का? नसेल तर चष्मा लाव आणि स्वतः वाच.