कोळंबीच्या जेवणाच्या वेळा लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं, कोथरूडहून सहकारनगर काही लांब नाही. पण पुण्यात बसून कोकणात तळी चालवणारे आणखीही आहेत, त्यांच्याही उपयोगाचं आहे म्हणून चारचौघांत लिहिते. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. या खेपेला चालवून घ्या.

पेणकडची आमची तळी भाऊ बघतो. हिशेब आणि खाद्याची खरेदी माझ्याकडे. आम्ही पाळतो त्या व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या खर्चात निम्मा किंवा जास्तच वाटा खाद्याचा, त्यामुळे माझा जीव सगळा पोत्याच्या दरात. तुम्ही वही चाळलीत, दराबद्दल चकार शब्द काढला नाहीत आणि विचारलंत, “घालता किती वाजता?”

सकाळ-संध्याकाळ दोनदा घालायचं, ही पद्धत आम्हाला तळ्यांसोबतच मिळाली होती. तुम्ही सगळं उलगडून सांगितलंत. कोळंबीचं पोट इवलंसं, खाल्लेलं थोड्या तासांत बाहेर पडतं. त्यात ती दाणा गिळत नाही, पायांत धरून कुरतडत बसते, आणि तोवर दाण्यातलं सत्त्व पाण्यात उतरत राहतं. एकदम जास्त ओतलं की उरलेलं तळाशी कुजतं. कुजताना प्राणवायू खातं, अमोनिया वाढवतं, तळाचा गाळ काळा पडून सडक्या अंड्यासारखा वास मारतो. कोळंबी तर तळालाच राहणारी. मग अंगातलं बळ वाढीऐवजी तगून राहण्यात जातं आणि व्हिब्रिओसारख्या जिवाणूंना आयतं फावतं.

तेवढंच खाद्य चार वेळांत वाटायला सांगितलंत. पहिली वेळ ऊन वर आल्यावर, कारण पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि खाल्ल्यावर कोळंबीला तो जास्त लागतो. ढगाळ दिवशी हात आखडता. आमच्याकडच्या जुन्या गड्याचा रात्रीच्या खाद्यावर फार जोर होता. त्याची सवय टायगर कोळंबीची, जी रात्रीची हिंडते. आपल्याकडे 2009 पासून परवानगी मिळालेली व्हेनामी दिवसाही चांगली खाते, हे तुम्ही त्याला न दुखावता पटवलंत. ते मला जमलं नसतं.

मी हावरटासारखं विचारलं, मग सहा वेळा केलं तर? तुम्ही हसलात. “माप चुकलेलं असेल तर वेळा वाढवून फक्त गड्याची पायपीट वाढेल.” तेव्हापासून चेक ट्रे ही आमच्याकडे रोजची गोष्ट झाली. खाद्यातला थोडा भाग तळ्यात सोडलेल्या ट्रेत टाकायचा, दीड-दोन तासांनी वर काढायचा. साफ असेल तर पुढच्या वेळी जरा वाढवायचं, दाणे उरले असतील तर कमी करायचं. भाऊ ट्रेचे फोटो पाठवायचा आणि तुम्ही ते मोठे करून बघायचात: पारदर्शक पाठीतून दिसणारी आतड्याची गडद रेघ सलग आहे की तुटक, विष्ठेचा दोरा कसल्या रंगाचा, पांढरे धागे तरंगतायत का. एकदा ट्रेत नुसत्या कातीच दिसल्या आणि दाणे तसेच. भाऊ घाबरला. तुम्ही तिथूनच विचारलंत, “परवा अमावास्या होती ना?” अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बऱ्याच कोळंब्या कात टाकतात आणि कात टाकताना खात नाहीत. त्या दिवसांत खाद्य कमी करायचं, हे आता कॅलेंडरवरच खुणेनं लिहिलेलं असतं.

फरक मला दिसला तो गणेश पेठेतल्या मासळी बाजारात. बाजारात दर ठरतो किलोला किती नग बसतात त्यावर. दोनच वेळा घातलं की पंगतीतल्या आडदांड पोरांसारखं मोठ्या कोळंब्या आधी हात मारतात, बारक्या मागे राहतात आणि माल लहानमोठा निघतो. यंदाचा माल एकसारखा होता. व्यापाऱ्याने टोपलीत हात घालून ढवळून पाहिलं आणि घासाघीस न करता दर सांगितला. घासाघीस न करणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला.

तुम्ही या सगळ्याचा एक रुपया घेतला नाहीत. चहाचे पैसेसुद्धा तुम्हीच दिलेत, ते मला अजून खटकतं.

थंडीतल्या पिकाबद्दल विचारायचंच आहे. पाणी चोवीस अंशांच्या खाली गेलं की भूक मंदावते म्हणालात, तर सकाळची वेळ उशिरा करायची की वगळायचीच? सवडीनं सांगा. रविवारी भाऊ पेणहून येतोय, थोडी कोळंबी घेऊन. काकूंना विचारून ठेवा, सोललेली हवी की अख्खी.

तुमची,
कोथरूडची तळेवाली