चौकातल्या शिल्पासाठी चिरा मागतो आहे

मा. कला आणि संस्कृती मंत्री,
गोवा राज्य

महोदय,

मी फोंडा तालुक्यात चित्रकला शिकवतो. तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या नाक्यावर फायबरचं एक शिल्प बसवलं. यंदा त्यातून गंजलेली सळी बाहेर आली आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि शाळा सुटली की मुलं ते नखांनी खरवडत बसतात. मला हे पाहवत नाही, कारण याच तालुक्यात मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ उभा आहे. दिवे लावलेले नसले तरी त्याच्या कोनाड्यांतली सावली सकाळ-संध्याकाळ जागा बदलते. उघड्यावरचं शिल्प म्हणजे काय, हे मी मुलांना तिथेच समजावतो.

माझी मागणी एकच. यापुढची शिल्पं आपल्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, घडवून घ्या.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. अंगावर सगळी भोकं, म्हणून त्यात नाक-डोळे, दागिने नीट कोरता येत नाहीत. लोक याला दगडाचा दोष म्हणतात. मला वाटतं, हा दगड पायरी मागतो, कमान मागतो, आत जाऊन बसता येईल अशी जागा मागतो. जुन्या गोव्यातला संत ऑगस्टीनचा मनोरा याच दगडाचा. मूळची उंची सुमारे ४६ मीटर. आज निम्माच उरलाय, तरी मान वर केल्याशिवाय राहवत नाही.

नाजूक काम हवं तिथे काळा बेसाल्ट आहेच. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ १२-१३ व्या शतकातलं. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय. सहलीला नेलं तेव्हा माझी एक विद्यार्थिनी जमिनीवर पालथी पडून तो हत्ती वहीत काढत होती. बस सुटायची वेळ झाली तरी उठेना.

जुन्याची नक्कल करा, असं मात्र मी म्हणत नाही. चार्ल्स कोरिया यांनी पणजीत कला अकादमी बांधली तेव्हा पायऱ्या, सावली आणि उघडा रंगमंच घेऊन इमारत मांडवीकडे मोकळी सोडली. आजच्या शिल्पकाराने दीपस्तंभाचा कोनाडा, बल्कांवातला, म्हणजे घरापुढच्या ओसरीतला, सोपो (बसायचा बांधीव कट्टा) आणि कोरियांची पायरी एकत्र आणून पाहावी.

निविदा काढण्याआधी शिल्पकाराबरोबर चिरे रचणाऱ्या गवंड्यालाही बैठकीला बोलवा आणि चौथऱ्यावर दोघांची नावं कोरा. पाणी तळाशी साचू नये म्हणून उतार आधीच आखा. चवथ झाली की शेवाळ काढायला दरवर्षी थोडे पैसे राखून ठेवा. आपल्याकडे अनावरणाला निधी असतो, झाडूला नसतो.

पहिलं शिल्प आमच्याच नाक्यावर व्हावं असा हट्ट नाही. जिथे होईल तिथे माझा सातवीचा वर्ग घेऊन येईन. त्यांना आत बसून चित्र काढू द्या, एवढी परवानगी आत्ताच मागून ठेवतो.

आपला,
फोंड्यातला एक चित्रकला शिक्षक