धर्म, जागतिकीकरण आणि हरवलेले पावतीपुस्तक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिकीकरण आणि धर्म या विषयावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलीकडे दोन तऱ्हेची पत्रे वाचायला मिळाली. एका बाजूचे म्हणणे असे, की बाहेरच्या वाऱ्याने आपला धर्म पातळ होत चालला आहे. दुसऱ्या बाजूची तक्रार अशी, की शिक्षण, पैसा आणि इंटरनेट घरोघरी पोचूनही धर्माचे प्रस्थ ओसरण्याऐवजी वाढतच आहे. धर्म वाढला की घटला याचे मोजमाप करण्याच्या नादात एक साधा प्रश्न मात्र दोन्हीकडून सुटला आहे. धार्मिक उत्सवाचा खर्च आज कोण करतो आणि उत्सव करणारे त्याबद्दल कोणाला उत्तर देतात, हा तो प्रश्न.

मी पुण्याच्या पेठेत जन्मलो आणि आज सत्तरीच्या घरात आहे. आमच्या लहानपणी श्रावण सरत आला की गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची चार-पाच मुले पावतीपुस्तक घेऊन जिना चढून येत. माझे वडील त्यांना आधी बसवून घेत, आईला चहा टाकायला सांगत आणि मग गेल्या वर्षीचा हिशेब विचारत : मांडवाला किती गेले, आरास कोणी केली, उरलेल्या पैशांचे काय झाले. एका वर्षी समोरच्या वाड्यात एक वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळलेले असताना मंडळाने रात्री उशिरापर्यंत कर्णा चालू ठेवला होता. त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांनी अकरा रुपयांऐवजी पाचाचीच पावती फाडायला लावली आणि कारणही स्पष्ट सांगितले. शेजारच्या दोन-तीन बिऱ्हाडांनी तेच केले. त्या वर्षी कर्णा दहाच्या ठोक्याला बंद झाला. त्यासाठी ना पोलीस चौकी गाठावी लागली, ना न्यायालय.

1991 नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि तिचे पडसाद आमच्या गल्लीत यायला फार वर्षे लागली नाहीत. आता मांडवाचे वासे पडण्याआधी जाहिरातींच्या कमानी उभ्या राहतात. गृहप्रकल्प, मोबाइल, सराफी पेढ्या, खासगी शिकवण्या आणि त्यांच्या जोडीला इच्छुक उमेदवारांचे हात जोडलेले फोटो, एवढे सगळे ओलांडल्यावर गणपती दिसतो. मंडळाला यात सोय आहे हे मी समजू शकतो, कारण दोनशे जिने चढून जे जमायचे नाही ते एका कमानीतून मिळते. पण या सोयीची किंमत अशी, की मंडळाला आता शेजाऱ्याची गरज उरलेली नाही. प्रायोजकाला गर्दी हवी असते, कारण त्याची कमान गर्दीने पाहायची असते, आणि गर्दी आवाजाकडे आणि झगमगाटाकडे ओढली जाते. भिंतीएवढे ध्वनिवर्धक आणि डोळ्यांवर येणारे लेझर झोत हा धर्मवेडाचा परिणाम आहे असे काही पत्रलेखक म्हणतात, ते मला पटत नाही. विसर्जन मिरवणूक अठ्ठावीस-तीस तास चालते तीही भक्ती अनावर झाली म्हणून नव्हे. त्यामागे बरेचसे साधे अर्थकारण आहे.

जुन्या दिवसांना सोन्याचा मुलामा देण्याचा माझा हेतू नाही. वर्गणीतही दमदाटी चाले, दुकानदारांना आकडा सांगितला जाई, आणि गल्लीच्या 'आपल्या' माणसांत कोणाला धरायचे याचे अलिखित नियमही होते. पर्वतीच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून याच शहरात 1929 मध्ये सत्याग्रह करावा लागला होता, हे विसरून कसे चालेल? शेजार हिशेब विचारतो तसा तो दारही लावून घेतो. ते दार उघडायला पुष्कळदा बाहेरचा संपर्कच कामी आला. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेत फिरल्या आणि तिथे उभ्या केलेल्या मदतीवर विधवांसाठी शारदासदन सुरू केले, जे 1890 मध्ये पुण्यात आले. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात केवढे वादळ उठले ते सर्वज्ञात आहे, पण विधवांच्या शिक्षणाचा प्रश्न त्या वादळाने पुसला गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला केली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. ब्रह्मदेशातून आलेल्या त्या मूर्तीने इथल्या माणसांना इथल्याच मातीत उगवलेला पण इथे विसरला गेलेला एक मार्ग परत दिला. लष्कर भागातले 'लाल देऊळ' म्हणजे बगदादहून आलेल्या ससून घराण्याने बांधलेले सिनेगॉग, ज्यूंचे प्रार्थनास्थळ. ते 1867 पासून उभे आहे आणि पुणेकरांनी त्याला बिनदिक्कत 'देऊळ' म्हटले. तेव्हा परका वारा आला की धर्म बुडतो, हे निदान पुण्याला तरी लागू पडत नाही.

दुसरे उदाहरण माझ्या घरातले आहे. माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या नव्या घराची वास्तुशांत पुण्यातल्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितली. तिकडची सकाळ साधायची म्हणून इकडे संध्याकाळी आम्ही दोघे म्हातारे सोवळ्याने पडद्यासमोर बसलो होतो. संकल्पात देशकालाचा उच्चार करताना गुरुजी क्षणभर अडखळले, मग त्यांनी जवळच्या नदीचे नाव विचारून घेतले आणि पुढे गेले. हे पाहून मला आधी हसू आले, आणि नंतर विधी किती सहज प्रवास करतो याचे नवल वाटले. पण मला अधिक लक्षात राहिले ते त्याच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाचे वर्णन. तिथे सभासद वर्गणी भरतात, शाळेचे सभागृह भाड्याने घेतात, मोदक घरोघरी वाटून घेतलेले असतात, आणि ठरलेल्या वेळेला सभागृह झाडून रिकामे करून द्यावे लागते. माझ्या मुलाकडे यंदा खुर्च्या घड्या करून ठेवण्याचे काम होते. वार्षिक सभेत खजिनदाराला जे प्रश्न विचारले जातात ते ऐकून मला वडिलांची आठवण झाली. जागतिकीकरणाने जिथे धर्म अक्षरशः साता समुद्रापार नेला, तिथे पावतीपुस्तक शाबूत आहे. आणि जिथून तो गेला त्या गल्लीतून ते नाहीसे झाले, ही गंमत म्हणावी की काय, हे मला ठरवता येत नाही.

पुण्यातच याचे दुसरे रूप आषाढी वारीत दिसते. पालख्या मुक्कामाला आल्या की भवानी पेठेत आणि नाना पेठेत आजही कित्येक घरे ठरलेल्या दिंडीची वाट पाहतात. कंपन्यांचे रेनकोट आणि छापील टोप्या तिथेही आल्या आहेत, संगणक क्षेत्रातली मुले आळंदीहून पायी चालत येतात. तरीही दिंडीची शिस्त वीणेकऱ्याच्या आणि चोपदाराच्या हाती राहिली आहे, कारण वारकरी आपल्या शिध्याची आणि भिशीची, म्हणजे दिंडीतल्या सामुदायिक जेवणाच्या वर्गणीची, सोय आपली आपण करतो. पैसा बाहेरून आला, पण कारभार त्याच्या हाती गेला नाही.

म्हणून माझी विनंती धर्म वाचवा किंवा धर्म आवरा अशी नाही. महापालिकेने कमानींना परवानगी देताना संबंधित मंडळाच्या उत्पन्नात रहिवाशांच्या वर्गणीचा वाटा किती, हे जाहीर करण्याची अट घालावी. मंडळांनी धर्मादाय कार्यालयाला सादर केलेला हिशेब मांडवाच्या दर्शनी भागात, प्रायोजकाच्या फलकाएवढ्याच आकारात लावावा. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांपासून कागदावर आहेच. ती पाळली गेली की नाही, याची नोंदही त्याच फलकावर असावी.

यंदा आमच्याकडे कोणी आले नाही, म्हणून मी स्वतःच मंडळाच्या कार्यालयात गेलो आणि पाचशे रुपये पुढे ठेवले. कार्यकर्ता मुलगा नम्र होता. त्याने मोबाइल पुढे करून "काका, स्कॅन करा ना" असे सुचवले. मी पावतीच हवी म्हटल्यावर त्याने तीन कपाटे उघडली आणि पुस्तक शोधून काढले. शेवटची पावती चार वर्षांपूर्वीची होती. त्याने पुढची फाडून माझे नाव लिहिले. मी त्याला गेल्या वर्षीचा हिशेब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "बसा काका, अध्यक्षांना बोलावतो," आणि चहा सांगायला गेला.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे