मोठं नको, मोजून घ्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "हीट पंप घ्यायचाच तर मोठाच घेऊन टाकू, थंडीची चिंता नको." तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, मोठा नको. हीटर उष्णता तयार करतो, हीट पंप ती बाहेरच्या हवेतून उचलून आत आणतो. बाहेर शून्याखाली असलं तरी हवेत उष्णता असतेच. नळ्यांमधला गॅस त्या हवेपेक्षाही थंड असतो, म्हणून तो ती शोषून घेतो आणि कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. कॉइलच्या हीटरमध्ये एकाला एकच. उन्हाळ्यात हाच प्रवास उलटा. पण हा हिशोब जमतो तो यंत्र संथ, सलग चाललं तर. गरजेपेक्षा मोठं असलं की ते घर चटकन तापवून बंद पडतं, थोड्या वेळानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वीज जास्त जाते, कॉम्प्रेसर लवकर झिजतो, आणि उन्हाळ्यात घर गार होऊनही दमटच राहतं, कारण हवेतली ओल काढायला यंत्राला वेळच मिळत नाही. इन्व्हर्टरचं, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं यंत्रसुद्धा एका मर्यादेखाली हळू चालू शकत नाही.

तेव्हा दारात उभं राहून चौरस फूट विचारणाऱ्या आणि लगेच आकडा सांगणाऱ्या माणसाला होकार देऊ नका. जो खिडक्या मोजेल, छताखालचं इन्सुलेशन बघेल, कुठल्या खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते कागदावर मांडून देईल, त्यालाच काम द्या. त्याला एक नक्की विचारा: वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री हे यंत्र किती किलोवॉट देईल? माहितीपत्रकातला ठळक आकडा बहुतेक वेळा बाहेर ७ अंश सेल्सिअस असतानाचा असतो, कडक थंडीत तो बराच घसरतो. आणि खिडक्यांच्या फटी आधी बुजवून घ्या, म्हणजे यंत्रच लहान लागेल.

आई, हे तुझ्यासाठी. गारठ्याच्या सकाळी बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट निघतील, फस्स असा आवाज येईल, आतला पंखा थांबेल. घाबरू नकोस, धूर नाही तो. बाहेरच्या युनिटच्या नळ्यांवर हिमाचा थर साचला की यंत्र काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं, वाफ त्याचीच. खाली पाणीही टपकेल, म्हणून युनिट स्टँडवर उंच बसवून घ्या, आणि भोवती कुंड्या ठेवू नकोस. आतली हवा हाताला कोमट लागेल, तेही बरोबरच आहे. तापमान एकदा लावा आणि राहू द्या. रात्री बंद करून सकाळी एकदम तापवायला लावलं तर वीज वाचतेच असं नाही.

देखभालीत सगळ्यात महत्त्वाची फिल्टरची जाळी. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडून ती तीन महिने राहून गेली. घर गार पडलं, मी तंत्रज्ञाला बोलावलं, तर तो जाळी न काढताच म्हणाला, "गॅस भरावा लागेल." तो गेल्यावर मीच जाळी काढून दिव्यासमोर धरली. करड्या लोकरीसारखा थर होता, पलीकडचा दिवासुद्धा दिसेना. धुऊन सावलीत वाळवली, परत बसवली आणि संध्याकाळपर्यंत घर ऊबदार. गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय नुसता भरून घेऊ नका.

महिन्यातून एकदा जाळी बघायची, पण बाबा, स्टुलावर चढायचं नाही. मी आले की काढीन, नाहीतर आतलं युनिट हात पोचेल असं खालीच बसवून घ्या, तसेही मिळतात. बाहेरच्या युनिटच्या नळ्यांभोवती पातळ पत्रे असतात, त्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, ते वाकतात. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या.

हिशोबाचा कागद हातात आला की मला फोटो पाठवा. सही त्यानंतरच.

तुमची लेक