निघून गेलेल्यांचीही नोंद ठेवा

ठाणे पश्चिमेच्या एका दाखले केंद्रात ‘सर्व्हर डाऊन’ झाले की खिडकी बंद होते, रांग तशीच उभी राहते. परवा एक आजी टोकन चुरगळून पिशवीत टाकून निघून गेल्या. संध्याकाळच्या नोंदीत फक्त झालेली कामे येतात. आजी कुठेच नसतात.

डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या अभ्यासातून रांगांच्या गणिताचा पाया घातला. त्यातल्या साध्या प्रारूपानुसार खिडकीवर ८० टक्के भार असेल, म्हणजे ती चालू असताना ८० टक्के वेळ कामात असेल, तर तिथे सरासरी ४ माणसे असतात. ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९! यंत्रणा दहा टक्के वेळ बंद राहिली तर ८० टक्क्यांचा भार ८९ च्या घरात जातो. बंद काळात साचलेली गर्दी धरली तर रांग दुपटीच्याही वर जाते.

कंटाळलेले लोक निघून गेले की रांग आटोक्यात दिसते, आणि मला हेच सर्वांत घातक वाटते. तीच माणसे पुन्हा रजा टाकून येतात. काम न होता परतलेल्यांचा आकडा केंद्राने रोज फळ्यावर लिहावा. सर्व खिडक्यांना मिळून एकच रांग ठेवावी, म्हणजे एखादी खिडकी बंद पडली तरी तिच्यापुढचे लोक अडकून पडणार नाहीत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे