आक्का, दाराची कडी वाजवल्याबद्दल

आक्का,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील. गल्लीतल्या बाकीच्यांनीही वाचावं, म्हणून उघडंच लिहितेय.

मागच्या वर्षी आई गेली आणि माझी झोपच उडाली. रात्री दोन-अडीचपर्यंत हातात मोबाइल, सकाळी नऊला जड डोकं. घरामागे लावलेल्या टमाट्यांना मी दुपारची जेवणं उरकली की पाणी घालायची, तरी रोपं माना टाकायची. एक दिवस भिंतीवरून तुम्ही म्हणालात, “उन्हात पाणी कुणाला पाजालीस गं, झाडाला का सूर्याला?” दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली.

लातूरच्या माणसाला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी जपून तुम्ही तुमचा कढीपत्ता जगवलात. तेही तांबडं फुटायच्या आधी घालून. त्यातलं मर्म मला आता कळतंय. त्या वेळी ऊन नसतं, वारा पडलेला असतो, त्यामुळे पाणी उडून न जाता आळ्यात मुरतं, आणि बेचाळीस अंशांची दुपार येईपर्यंत झाड पोटभर प्यालेलं असतं. संध्याकाळी घालायचं तर बुडाशीच, पानांवर नको, हेही तुम्हीच सांगितलंत. पान रात्रभर ओलं राहिलं की करपा धरतो. पहाटे भिजलेलं पान ऊन चढेपर्यंत सुकून जातं. आळ्यात वाळका पाला अंथरायला लागल्यापासून आपल्या काळ्या मातीला पडणाऱ्या भेगाही कमी झाल्या, आणि मला दोन बादल्यांच्या जागी एक पुरते.

पण खरे आभार भोपळ्याच्या फुलाचे. वेलावर फुलं खंडीभर, फळ एक नाही. तुम्ही दोन फुलं माझ्यापुढे धरलीत. एक नुसत्या लांब देठावरचं, दुसऱ्याच्या बुडाशी बोराएवढा हिरवा भोपळा. देठावरच्या फुलाच्या पाकळ्या काढून आतली पिवळी दांडी तुम्ही दुसऱ्या फुलात अलगद फिरवलीत. बोटांना हळदीसारखे परागकण लागले होते. “मधमाश्या आल्या न्हाईत तर आपुन करायचं. पर लवकर. ऊन चढलं की फूल मिटतंय.” मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही. तेव्हापासून मला सकाळी उठायला कुणी सांगावं लागलं नाही. आपली वाट पाहणारं काहीतरी आहे, ही जाणीव आई गेल्यानंतर पहिल्यांदा झाली.

झोपही परत आली. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री वेळेवर झोप येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला मात्र त्यात तुमचाही वाटा दिसतो. खुरपं चालवता चालवता तुम्ही आईच्या गोष्टी काढायचात, मी रडले तरी हात थांबवायचा नाहीत. “रड, पर आळं मोडू नको.” इतकं मायेचं मला त्या वर्षात दुसरं कुणी बोललं नाही.

त्या फुलाचा भोपळा काल उतरवला. निम्मा कापून तुमच्या घरी पाठवतेय. बिया धुऊन, राखेत घोळून सावलीत वाळत घातल्यात. त्यातल्याही निम्म्या तुमच्या.

तुमची,
भिंतीपलीकडची लेक